कॅस्पेज-२ आणि डार्पिन यांची स्फटिक-रचना कशी वाचावी: प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

सोलापुरातील महाविद्यालयांत जैवतंत्रज्ञान किंवा जैवरसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात प्रकल्प करणारे विद्यार्थी पेशीमृत्यू घडवणाऱ्या विकरांवर, म्हणजे कॅस्पेजांवर, संगणकीय काम हौसेने निवडतात. विषय चांगला आहे आणि त्यासाठी स्वतः स्फटिक वाढवावे लागत नाहीत, कारण प्रथिन माहितीपेढीत, म्हणजे पीडीबीत, रचना विनामूल्य मिळतात. अडचण वाचनात येते. पडद्यावर विकराला अवरोधक, म्हणजे त्याचे काम थांबवणारा रेणू, चिकटलेला दिसला की त्या चित्रावरूनच ‘अवरोधकाने सक्रिय स्थान बंद केले’ असे वाक्य लिहिले जाते (सक्रिय स्थान म्हणजे विकराची अभिक्रिया जेथे घडते ती जागा), आणि तोंडी परीक्षेत त्याच वाक्यावर प्रश्न येतो. हा लेख ती चूक टाळण्यासाठी आहे. त्यातील टप्प्यांचा क्रम बदलू नये, कारण पुढचा प्रत्येक टप्पा मागच्या टप्प्यात ठरलेल्या गोष्टीवर उभा आहे.

उदाहरण म्हणून मानवी कॅस्पेज-२ आणि त्याच्याविरुद्ध प्रयोगशाळेत घडवलेले डार्पिन, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणारे छोटे कृत्रिम प्रथिन, यांची संयुक्त रचना घेतली आहे. तिचा पीडीबी संकेतांक २पी२सी, रिझोल्यूशन (रचना किती बारकाईने दिसते याचे माप; आकडा जितका लहान तितकी ती स्पष्ट) ३.२४ अँगस्ट्रॉम आणि प्रकाशनाचे वर्ष २००७. तुलनेसाठी त्याच विकराची पेप्टाइड-अल्डिहाइड अवरोधकासह असलेली रचना घ्यावी. तिचा संकेतांक १पीवायओ आणि रिझोल्यूशन १.६५ अँगस्ट्रॉम. संकेतांक रोमन अक्षरांत टाइप करावेत. दुसऱ्या संकेतांकाच्या शेवटी ‘ओ’ हे अक्षर आहे, शून्य नाही.

पूर्वतयारी

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी पुढील गोष्टी एका फोल्डरमध्ये आणून ठेवाव्यात: दोन्ही रचनांच्या एमएमसीआयएफ (अणूंच्या जागा नोंदवणाऱ्या) स्वरूपातील फाइली, दोन्हींचे पडताळणी अहवाल, इलेक्ट्रॉन घनतेच्या (ज्यांत अणू बसवून मॉडेल करतात त्या) नकाशांच्या फाइली, युनिप्रॉट या प्रथिन-क्रमांच्या माहितीपेढीतील मानवी कॅस्पेज-२ चा अमिनो आम्लांचा क्रम (नोंद पी४२५७५) आणि मूळ शोधनिबंधांचा पूर्ण मजकूर. केवळ सारांश वाचून काम सुरू करू नये. कोणत्या साखळीला कोणते नाव दिले, कोणता तुकडा घनतेत दिसला नाही आणि कोणते उत्परिवर्तन करून पाहिले, या गोष्टी सारांशात येत नाहीत.

पायमॉल किंवा कायमेरा-एक्स या रचना पाहण्याच्या सॉफ्टवेअरपैकी एकच साधन निवडून शेवटपर्यंत तेच वापरावे. आठ गीगाबाइट मेमरीचा साधा लॅपटॉप या कामाला पुरतो. एप्रिल-मे महिन्यांत वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून प्रत्येक टप्प्याच्या शेवटी सेशन वेगळ्या नावाने जतन करावे आणि दिलेल्या आज्ञा साध्या मजकूर-फाइलीत उतरवून ठेवाव्यात. केवळ माउसने केलेले काम दोन आठवड्यांनी पुन्हा तसेच करता येत नाही.

टप्पा १: प्रश्न तीन भागांत लिहून काढणे

‘डार्पिन कॅस्पेज-२ ला कसे रोखते?’ हा एक प्रश्न दिसत असला तरी त्यात तीन प्रश्न आहेत. डार्पिन विकराच्या कोणत्या पृष्ठभागावर बसते? ते बसल्यावर सक्रिय स्थान झाकले जाते की मोकळे राहते? मोकळे राहत असेल, तर त्याचा आकार सक्रिय विकरात असतो तसाच राहतो की बदलतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका रचनेतून मिळते, दुसऱ्यासाठी सक्रिय स्थान अचूक ओळखावे लागते आणि तिसऱ्यासाठी दुसरी रचना शेजारी ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. चित्रात यांपैकी फक्त पहिले उत्तर दिसते.

टप्पा २: साखळ्या आणि क्रमांक जुळवणे

सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून या टप्प्याला एक पूर्ण दिवस द्यावा.

कॅस्पेज आधी एकाच लांब साखळीच्या रूपात तयार होतो आणि नंतर तिचे तुकडे होऊन एक मोठा व एक लहान उपघटक उरतो. पीडीबीत या दोन उपघटकांना वेगवेगळी साखळी-अक्षरे मिळतात. विद्यार्थी ‘ए साखळी म्हणजे कॅस्पेज’ असे धरून बाकीचे सगळे पुसून टाकतात आणि त्यामुळे हातात अर्धाच विकर उरतो. उत्प्रेरक, म्हणजे प्रत्यक्ष अभिक्रिया घडवणारी, सिस्टीन आणि हिस्टिडीन ही अमिनो आम्ले मोठ्या उपघटकात असतात हे खरे, परंतु अ‍ॅस्पार्टिक आम्ल पकडणारा एस-१ खिसा (सक्रिय स्थानातील पोकळी) दोन्ही उपघटकांतील अमिनो आम्लांनी मिळून बनतो. कॅस्पेज-३ मध्ये हे स्पष्ट दिसते: आर्जिनिन-६४ आणि ग्लुटामिन-१६१ मोठ्या उपघटकातून येतात, तर आर्जिनिन-२०७ लहान उपघटकातून येते. लहान उपघटक पुसला की खिशाची एक भिंतच जाते, आणि त्यानंतर त्या खिशाबद्दल लिहिलेले काहीही ग्राह्य धरता येत नाही.

यासाठी फाइलीतील साखळ्यांची यादी वाचून एक तक्ता करावा. त्यात साखळीचे अक्षर, प्रथिनाचे नाव, सुरुवातीचा व शेवटचा क्रमांक आणि मध्ये न दिसणारे क्रमांक, असे चार रकाने असावेत. न दिसणारे भाग फाइलीच्या माहितीतच नोंदलेले असतात.

आता क्रमांक. कॅस्पेजांच्या साहित्यात एकाच अमिनो आम्लाला तीन वेगळे क्रमांक दिलेले आढळतात. युनिप्रॉटच्या ४५२ अमिनो आम्लांच्या क्रमानुसार कॅस्पेज-२ चे उत्प्रेरक सिस्टीन ३२० वे आहे. जुन्या शोधनिबंधांत ४३५ अमिनो आम्लांचा क्रम धरल्यामुळे तेच सिस्टीन ३०३ वे ठरते. काही लेखक सर्व कॅस्पेजांना कॅस्पेज-१ चे क्रमांक देतात आणि तेव्हा ते २८५ वे होते. त्यात भर म्हणजे एमएमसीआयएफ फाइलीत लेखकांनी दिलेले क्रमांक आणि पीडीबीने स्वतः लावलेले क्रमांक असे दोन संच असतात. आपले सॉफ्टवेअर कोणता संच दाखवते हे त्याच्या सेटिंगमध्ये पाहून घ्यावे.

*तपासणी:* क्रमांकावर विसंबू नये, शेजारी पाहावेत. कॅस्पेज-२ चे उत्प्रेरक सिस्टीन ‘ग्लुटामिन–अलानिन–सिस्टीन–आर्जिनिन–ग्लायसिन’ या पाच जणांच्या ओळीत मध्यभागी असते. ही ओळ सापडली की त्या सिस्टीनचा आपल्या फाइलीतील क्रमांक टिपावा आणि तिन्ही पद्धतींचे क्रमांक तक्त्यात एकमेकांसमोर लिहावेत.

*इशारा:* कॅस्पेज स्वतःलाच कापतो, म्हणून काही रचनांमध्ये उत्प्रेरक सिस्टीन मुद्दाम बदललेले असते. त्या जागी अलानिन दिसले तर फाइलीतील उत्परिवर्तनांची नोंद आधी पाहावी. आपली फाइल बिघडली असा तर्क करू नये.

टप्पा ३: खरे एकक उभे करणे

फाइल उघडल्यावर दिसते ते असममित एकक, म्हणजे स्फटिकाचा असा किमान भाग, ज्यावर सममितीच्या क्रिया केल्या की संपूर्ण स्फटिक मिळतो. त्याचा आणि द्रावणात वावरणाऱ्या विकराचा मेळ असेलच असे नाही. त्यात विकराच्या अनेक प्रती असू शकतात, किंवा एका विकराचा अर्धाच भाग असू शकतो.

क्रियाशील कॅस्पेजात दोन मोठे आणि दोन लहान उपघटक मिळून एक एकक बनते आणि त्याला दोन सक्रिय स्थाने असतात. ही दोन स्थाने एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. सक्रिय स्थानाभोवतीचे एल-१ ते एल-४ हे फासे, म्हणजे साखळीचे लवचीक वळसे, एका अर्ध्या भागाचे असले, तरी त्यांना आधार देणारा एल-२ प्राइम हा फासा समोरच्या अर्ध्या भागातून येतो. अ‍ॅलोस्टेरिक अवरोधाची (सक्रिय स्थानापासून दूर चिकटून त्याचा आकार बिघडवण्याची) चर्चा करायची आणि समोरचा अर्धा भाग मात्र ठेवायचा नाही, अशी विसंगती अनेक प्रकल्प-अहवालांत दिसते. कॅस्पेज-२ मध्ये तर दोन्ही लहान उपघटक डायसल्फाइड बंधाने एकमेकांना जोडलेले असतात. तो बंध आपल्या मॉडेलमध्ये शाबूत आहे का, हे पाहणे म्हणजे एकक नीट उभे राहिले की नाही याची सोपी परीक्षा आहे.

म्हणून पीडीबीच्या पानावरील ‘जैविक संघटन’ या शीर्षकाखालील फाइल घ्यावी, किंवा सॉफ्टवेअरमध्ये ते संघटन तयार करावे. मग दोन मोठे उपघटक, दोन लहान उपघटक आणि त्यांना चिकटलेली डार्पिने मोजून तक्त्याशी ताडावीत.

*तपासणी:* दोन्ही उत्प्रेरक सिस्टीन एका रंगात दाखवावेत. दोन सक्रिय स्थाने एककाच्या विरुद्ध टोकांना दिसत नसतील, तर चुकीच्या प्रती एकत्र आल्या आहेत. असे झाल्यास मागे फिरावे.

टप्पा ४: किती दिसते आणि किती दिसत नाही

पडताळणी अहवालातील आर-फ्री (मॉडेल बसवताना बाजूला ठेवलेल्या मोजमापांशी ते किती जुळत नाही याचा आकडा), अणूंच्या टकरींचा गुणांक, रामचंद्रन आलेखाबाहेर (मुख्य साखळीच्या नेहमीच्या कोनांबाहेर) पडलेली अमिनो आम्ले आणि घनतेशी न जुळणारी अमिनो आम्ले एवढ्या चार नोंदी आधी वाचाव्यात. आर-फ्री आणि आर-वर्क (मॉडेल बसवताना वापरलेल्या मोजमापांसाठी तसाच आकडा) यांतील अंतर ०.०५ च्या बरेच वर गेले असेल, तर मॉडेल मोजमापापेक्षा अधिक ताणून बसवले असण्याची शंका घ्यावी. रामचंद्रन आलेखाबाहेर पडलेले अमिनो आम्ल आपल्याला ज्याबद्दल लिहायचे आहे त्याच फाशात असेल, तर त्याची स्वतंत्र नोंद करावी.

खरा प्रश्न रिझोल्यूशनचा आहे. लांबून पाहिले तर सोलापुरी चादरीवरचा मोर ओळखता येतो, पण सुताचा पीळ दिसत नाही, ३.२४ अँगस्ट्रॉमची रचना तशीच वाचावी. मुख्य साखळी कोठून कशी जाते, हेलिक्स कोठे आहे, मोठी पार्श्वसाखळी कोणत्या बाजूला वळली आहे, एवढे भरवशाने सांगता येते. एखादा हायड्रोजन बंध २.८ अँगस्ट्रॉमचा आहे की ३.३ चा, हे सांगता येत नाही. पाण्याचे रेणू तर या पातळीवर सहसा मॉडेलमध्ये ठेवतच नाहीत. त्यामुळे दोन रचनांची तुलना करून ‘डार्पिनमुळे सक्रिय स्थानातील पाणी बाहेर गेले’ असे लिहिणे चूक आहे. १.६५ अँगस्ट्रॉमच्या रचनेत पाणी दिसले आणि ३.२४ च्या रचनेत दिसले नाही, हा मोजमापातील फरक आहे.

यानंतर नकाशा उघडावा आणि महत्त्वाच्या जागा एकेक करून घनतेवर ठेवून पाहाव्यात. बी-फॅक्टरचा (अणूची जागा किती पसरट आहे याच्या मापाचा) अंदाज असा घ्यावा: बी ८० चौरस अँगस्ट्रॉम असेल, तर तो अणू एका दिशेत सरासरी सुमारे १ अँगस्ट्रॉम हलतो आहे. मात्र दोन वेगळ्या रचनांतील बी-फॅक्टर थेट एकमेकांशी ताडू नयेत. प्रत्येक रचनेतील सरासरीच्या तुलनेत एखादा फासा किती वर आहे, तेवढेच पाहावे.

*इशारा:* असममित एककात अनेक प्रती असतील, तर ‘सर्व प्रतींत हाच संपर्क दिसतो’ हा पुरावा वाटतो तितका भक्कम नसतो. कमी रिझोल्यूशनवर मॉडेल सुधारताना प्रतींना एकमेकांसारखे राहण्याचे बंधन घातलेले असू शकते. शोधनिबंधातील पद्धतींच्या भागात याचा उल्लेख शोधावा आणि तो असेल तर अहवालातही करावा.

टप्पा ५: दोन रचना एकमेकींवर ठेवणे

आता २पी२सी मधील कॅस्पेज आणि १पीवायओ मधील कॅस्पेज एकमेकांवर बसवायचे. येथे सॉफ्टवेअर आपल्या नकळत एक काम करते आणि निष्कर्ष त्यावरच फिरतो. पायमॉलची ‘अलाइन’ ही आज्ञा रचना बसवताना न जुळणाऱ्या अणूंच्या जोड्या फेऱ्याफेऱ्यांनी वगळत जाते आणि शेवटी फक्त उरलेल्या जोड्यांवरचा आरएमएसडी (जोड्यांतील अंतरांचे सरासरी माप) छापते. आपल्याला शोधायचे असतात ते हललेले फासे, आणि वगळले जातात तेही तेच. मग ०.५ अँगस्ट्रॉमच्या आसपासचा आकडा पाहून विद्यार्थी ‘रचनेत बदल झाला नाही’ असे लिहितो.

योग्य क्रम असा आहे. प्रथम मधल्या बीटा-पट्टीतील आणि तिच्या दोन्ही अंगांच्या हेलिक्समधील अल्फा-कार्बनच निवडावेत, फासे व डार्पिन वगळावीत. जोड्या वगळण्याच्या फेऱ्या शून्य कराव्यात आणि या गाभ्यावर रचना बसवाव्यात. त्यानंतर काहीही न हलवता एल-१, एल-२, एल-३, एल-४ आणि समोरचा एल-२ प्राइम यांतील प्रत्येक अल्फा-कार्बनचे विस्थापन स्वतंत्रपणे मोजावे. कायमेरा-एक्सची ‘मॅचमेकर’ ही सोय छाटलेल्या जोड्यांचा आणि सर्व जोड्यांचा असे दोन्ही आरएमएसडी सांगते. अहवालात दोन्ही द्यावेत.

विस्थापनाचा आलेख काढताना न दिसणाऱ्या अमिनो आम्लांच्या जागी शून्य भरू नये, जागा रिकामी सोडावी. एका रचनेत व्यवस्थित दिसणारा फासा दुसऱ्या रचनेत दिसेनासा होतो, हीही माहितीच आहे. रिझोल्यूशनमधील फरक लक्षात ठेवून, तो भाग तेथे स्थिर नसावा एवढे सावधपणे म्हणता येते.

*तपासणी:* गाभ्याचा आरएमएसडी १ अँगस्ट्रॉमच्या बराच वर आला तर फाशांकडे वळूच नये. बहुधा क्रमांक जुळवताना चूक झाली आहे, किंवा एका रचनेचा अर्धा भाग दुसरीच्या विरुद्ध अर्ध्यावर बसला आहे.

टप्पा ६: डार्पिन आणि कॅस्पेज यांची संपर्क-सीमा

डार्पिन ३३ अमिनो आम्लांच्या पुनरावृत्ती रचून बनवतात आणि दोन्ही टोकांना टोप्यांसारखे स्थिर तुकडे असतात. प्रत्येक पुनरावृत्तीत सात जागा बदलत्या ठेवून मोठा संग्रह तयार करतात आणि त्यातून हव्या त्या प्रथिनाला चिकटणारे रेणू निवडतात. या बदलत्या जागा रेणूच्या आतल्या, खोलगट बाजूवर येतात. खरी संपर्क-सीमा ओळखताना हीच गोष्ट उपयोगी पडते.

आपल्या एककाभोवती पाच अँगस्ट्रॉमच्या आतील सममित प्रती सॉफ्टवेअरकडून तयार करून घ्याव्यात. असे केल्यावर डार्पिन एकाहून अधिक कॅस्पेजांना स्पर्श करताना दिसू शकते. त्यातील एक स्पर्श निवडीतून आलेला, बाकीचे केवळ स्फटिकात रेणू दाटीने रचल्यामुळे झालेले. खोलगट बाजूच्या बदलत्या जागा ज्या स्पर्शात गुंतल्या आहेत तो निवडीतला. स्पर्श पाठीच्या बाजूने असेल आणि त्यात सर्व डार्पिनांना समान असलेली अमिनो आम्लेच असतील, तर त्याला विशिष्ट बंधन म्हणू नये.

सीमेचे क्षेत्रफळ पिसा या ऑनलाइन सेवेवर काढता येते. पिसा झाकल्या गेलेल्या एकूण पृष्ठभागाच्या निम्मा आकडा ‘सीमेचे क्षेत्रफळ’ म्हणून देते, तर अनेक शोधनिबंध दोन्ही बाजूंची बेरीज देतात. ‘माझे उत्तर निबंधाच्या निम्मे का येते?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एवढेच असते. प्रथिन-प्रथिन संयुगांत दोन्ही बाजू मिळून १६०० चौरस अँगस्ट्रॉमच्या आसपास पृष्ठभाग झाकला जाणे नेहमीचे आहे.

संपर्कातील कॅस्पेज-२ ची अमिनो आम्ले एका ओळीत लिहून खाली कॅस्पेज-१, ३ आणि ७ मधील त्याच जागांची अमिनो आम्ले मांडावीत. हे डार्पिन तपासलेल्या इतर कॅस्पेजांना रोखत नाही, असे मूळ संशोधनात दाखवले आहे. त्यामागचे कारण या मांडणीत शोधणे हे एम.एस्सी.च्या प्रकल्पाला शोभेल असे काम आहे, आणि माझ्या मते डॉकिंगच्या, म्हणजे रेणू संगणकावर खिशात बसवून पाहण्याच्या, दहा तक्त्यांपेक्षा ते अधिक मोलाचे आहे.

टप्पा ७: अवरोधाचा प्रकार ठरवणे

येथपर्यंत आल्यावरच टप्पा १ मधील दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला हात घालावा. गाभ्यावर बसवलेल्या १पीवायओ मधून पेप्टाइड तेवढे २पी२सी वर दाखवावे. पेप्टाइड आणि डार्पिन एकाच जागेवर आले, तर स्पर्धात्मक (त्याच जागेसाठी चढाओढ करणाऱ्या) अवरोधाचा विचार करता येतो. ते एकमेकांना भिडत नसतील आणि पेप्टाइडची जागा फाशांच्या बदललेल्या मांडणीमुळे बिघडलेली असेल, तर अ‍ॅलोस्टेरिक अवरोधाची बाजू भक्कम होते.

कॅस्पेज-२ च्या या डार्पिनबाबत संशोधकांनी अ‍ॅलोस्टेरिक अवरोध असाच निष्कर्ष काढला आहे. पण त्यासाठी त्यांनी केवळ रचनेवर विसंबून न राहता उत्परिवर्तनांचे प्रयोगही जोडीला घेतले. कॅस्पेज-३ विरुद्ध घडवलेले एक डार्पिन स्पर्धात्मक पद्धतीने काम करते आणि त्याच्या संयुगाची रचना २एक्सझेडडी या संकेतांकाखाली उपलब्ध आहे. एकाच प्रकारचा घडीव अवरोधक, एकाच कुळातले विकर, आणि तरीही पद्धती दोन. ‘डार्पिन असे असे रोखते’ हे सर्वसाधारण वाक्य लिहिण्यापूर्वी या दोन रचना शेजारी ठेवून पाहाव्यात.

*इशारा:* गतिकीच्या (अभिक्रियेच्या वेगाच्या) आलेखांवरून प्रकार ठरवताना एक खोच आहे. हे डार्पिन पेप्टाइड सब्स्ट्रेटबरोबर (सब्स्ट्रेट म्हणजे विकर ज्याला कापतो तो रेणू) एक नॅनोमोलरपेक्षाही कमी अवरोध-स्थिरांक (जितका लहान तितका अवरोध प्रबळ) दाखवते आणि प्रथिन सब्स्ट्रेटबरोबर त्याचा प्रभाव काहीसा कमी असतो. अवरोध-स्थिरांक विकराच्या संहतीइतका किंवा त्याहून कमी असला, की नेहमीचे मायकेलिस-मेंटेन गृहीतक लागू पडत नाही, कारण मुक्त अवरोधकाची संहती घातलेल्या संहतीएवढी राहत नाही. अशा वेळी मॉरिसन समीकरण वापरतात. कोणता सब्स्ट्रेट वापरला हे न सांगता अवरोध-स्थिरांकाचा आकडा उद्धृत करू नये.

टप्पा ८: डॉकिंग करायचेच असेल तर

१पीवायओ मधील अल्डिहाइड उत्प्रेरक सिस्टीनच्या गंधकाशी सहसंयुज बंधाने जोडलेले आहे. ते पुसून त्या जागी दुसरा रेणू डॉक करण्यापूर्वी सिस्टीनची पार्श्वसाखळी आणि तिच्यावरील हायड्रोजन नीट करावेत. साधे डॉकिंग सहसंयुज बंध तयार करत नाही, म्हणून मूळ अल्डिहाइड पुन्हा डॉक करून मिळालेला गुणांक त्याच्या खऱ्या बंधनशक्तीचे माप ठरत नाही. २पी२सी मधील सक्रिय स्थान तर औषधी रेणूंच्या डॉकिंगसाठी वापरूच नये. ते अवरोधित अवस्थेतील आहे आणि ३.२४ अँगस्ट्रॉम रिझोल्यूशनवर पार्श्वसाखळ्यांच्या जागा पुरेशा अचूक ठरत नाहीत.

टप्पा ९: आकृती आणि लेखन

मुख्य आकृतीत पूर्ण एकक दाखवावे: मोठे उपघटक एका रंगात, लहान दुसऱ्या, डार्पिने तिसऱ्या आणि दोन्ही उत्प्रेरक सिस्टीन गोळ्यांच्या रूपात. दुसऱ्या आकृतीत फाशांची तुलना द्यावी आणि तिसरीत एखाद्या महत्त्वाच्या संपर्काभोवतीची इलेक्ट्रॉन घनता, तिच्या सिग्मा पातळीसह (घनता कोणत्या उंबरठ्यावर दाखवली तो आकडा). प्रत्येक आकृतीखाली पीडीबी संकेतांक, रिझोल्यूशन, वापरलेल्या साखळ्या, क्रमांकांची पद्धत, रचना कोणत्या अणूंवर बसवल्या आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहावी. मजकुरात अंतरे देताना ३.२४ अँगस्ट्रॉमच्या रचनेसाठी एकाच दशांशापर्यंत आकडा द्यावा आणि हायड्रोजन बंधांना ‘संभाव्य’ म्हणावे. आज्ञांची मजकूर-फाइल परिशिष्टात जोडावी, म्हणजे मार्गदर्शकांना किंवा बाहेरून आलेल्या परीक्षकांना कोणतीही आकृती त्यांच्या संगणकावर पुन्हा काढून पाहता येईल.